फोटोपुरतं उठून बसणं

सासूबाईंचा भाजी निवडतानाचा फोटो काढायचा, तर आधी पलंगाखालचं बेडपॅन मोरीत नेऊन ठेवावं लागे. मग स्टुलावरच्या औषधांच्या बाटल्या, मलमाची ट्यूब, कापसाचा गठ्ठा हे सगळं एका पिशवीत भरून दाराआड. वॉकर पलंगामागे ढकलायचा. त्याचा एक पाय हमखास बाहेर डोकवायचा, म्हणून त्यावर टॉवेल टाकायचा. मग त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उठवायचं, पाठीला उशा लावायच्या, गाऊनवरूनच बदामी साडी नेसवायची, तीही कमरेपर्यंतच, कारण त्याखाली चादर असे आणि चादरीखालचं कोण बघतंय! केस विंचरून अंबाडा घालायचा. शेवटी मांडीवर परात, परातीत मेथीची जुडी.

"हां, काढ आता," त्या म्हणायच्या. आणि मी फोन डोळ्यांसमोर धरला की त्या माझ्याकडे बघायच्याच नाहीत. मेथीची एक काडी उचलून तिच्याकडे अशा काही बघत राहायच्या, की जणू सकाळपासून त्या कामातच आहेत आणि मीच मध्ये येऊन उभी राहिलेय. काय तो अभिनय! फोटो निघाला की काडी परातीत, मान उशीवर, आणि मिटल्या डोळ्यांनी एकच शब्द, "निजव."

मग ती मेथी मी निवडायची.

हे दोन हजार आठ-नऊच्या सुमाराचं. आम्ही मीरा रोडला बेव्हर्ली पार्कात राहायचो. लिफ्ट नसलेली इमारत, तिसरा मजला, हॉल आणि किचन. हॉलमध्ये सासूबाईंचा पलंग. नवरा सकाळी जो बाहेर पडायचा तो रात्रीच्या जेवणाच्या वेळेला उगवायचा. मूलबाळ आम्हाला नाही. म्हणजे दिवसभर घरात आम्ही दोघीच.

फोन दिला होता धाकट्या दिरांनी. ते बायको-मुलासह मस्कतला. दोन-दोन वर्षांनी यायचे आणि येताना नवं काहीतरी घेऊन यायचे. त्या वेळी हा फोन आणला. त्याला स्मार्टफोन म्हणतात हे मला त्यांच्याकडूनच कळलं. त्यात कॅमेरा होता, आणि काढलेला फोटो तिथल्या तिथे ईमेल करता यायचा. दिरांनी मला समोर बसवून शिकवलं होतं, "वहिनी, इथे दाबलं की फोटो, इथे दाबलं की मला पोचला. आईचा रोज एक पाठवत जा. तिकडे एकदम एकटं वाटतं ओ." पोचायला काही तो लगेच पोचायचा नाही. एका फोटोला कुकरच्या तीन शिट्ट्या व्हाव्यात इतका वेळ लागायचा. पण पोचायचा.

सुरुवातीचे फोटो खरे होते हो. सासूबाई तुळशीला पाणी घालताना. सासूबाई पापड लाटताना. भाईंदरहून टोपली घेऊन येणाऱ्या मासेवालीशी दारात हुज्जत घालताना. त्यात मासेवालीचा हात वर आहे आणि ती म्हणतेय, "न्हाय गो आये, तेवढ्यात न्हाय परवडत," आणि सासूबाई बांगडा उलटा धरून त्याचे कल्ले बघतायत. मला स्वतःला तो फोटो फार आवडायचा. आपण एवढा चांगला फोटो काढला याचंच अप्रूप.

मग दिवाळीनंतर त्या मोरीत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, प्लेट घातली. डॉक्टर म्हणाले, महिन्याभरात आजी वॉकर घेऊन चालतील. चालल्याही, पलंगापासून किचनच्या दारापर्यंत. पण एक दिवस दाराशीच तोल गेला आणि त्या खाली बसल्या. लागलं काही नाही. फक्त त्या दिवसापासून त्यांनी पाय जमिनीला लावायचं सोडून दिलं. "मी पडेन," एवढंच म्हणायच्या. फिजिओथेरपीवाला दोनदा आला, त्यालाही तेच ऐकवलं. तिसऱ्यांदा तो आला नाही.

आता, आमच्या रत्नागिरीकडच्या घरांमधली एक रीत सांगते. बाहेरगावी असलेल्या माणसाला वाईट काही कळवायचं नाही. पूर्वी चाकरमानी मुंबईत असायचा आणि गावाकडून त्याला पत्र जायचं, 'इकडील सर्व क्षेम.' घरात माणूस अंथरुणाला खिळलेला असला तरी क्षेम. माणूस गेला तर 'तब्येत जरा नरम आहे, सवड काढून येऊन जाणे.' तो बिचारा एकटा, परमुलखात, त्याच्या जिवाला घोर नको, हा त्यातला विचार. आमच्या पिढीत मुंबईचं मस्कत झालं, बाकी रीत तीच. सासूबाईंना स्ट्रेचरवरून जिन्यातून खाली नेत होते, वेदनांनी तोंड वाकडं झालेलं, आणि त्या माझ्या नवऱ्याचा शर्ट धरून काय सांगत होत्या? "त्याला कळवू नको रे."

नाहीच कळवलं. आधी सांगितलं, पाय मुरगळलाय. मग सांगितलं, खुब्याचं छोटंसं ऑपरेशन झालंय, आता बरी आहे. बरी आहे म्हटल्यावर दिरांनी साहजिकच विचारलं, "मग फोटो का नाही येत आईचा?" तेव्हा सासूबाईंनीच डोकं लढवलं. "मेथी आहे का घरात?" त्यांनी मला विचारलं होतं.

पहिल्या फोटोला मला हसू आलं होतं. वाटलं, चला, म्हातारीला विरंगुळा. पुढचे मात्र नुसतं काम होऊन बसले. दिरांचं उत्तर यायचं, 'वा! आई ग्रेट!' ते मी वाचून दाखवायचे आणि सासूबाई डोळे मिटून ऐकायच्या.

मी भाईंदरच्या एका मराठी शाळेत प्राथमिकला शिक्षिका होते. त्यांच्या ऑपरेशनसाठी रजा घेतली ती वाढवत वाढवत शाळेचं वर्ष संपेपर्यंत नेली. तोवर रोज सकाळी साडी नेसून, पर्स घेऊन, शेअर रिक्षात कोंबून घेऊन मी घराबाहेर पडत होते. कटकटच होती ती. पण घराबाहेर पडत होते. आता सासूबाईंच्या उशाशी स्टीलची वाटी आणि चमचा होता. चमचा वाटीवर वाजला की मी जायचं. तहान लागली, वाजला. कूस बदलायची आहे, वाजला. नुसतं मी किचनमध्ये काय करतेय हे जाणून घ्यायचंय, वाजला. वाण्याकडे जायचं तर शेजारच्या भाभींना बसवावं लागे. त्या नया नगरातून आमच्या इमारतीत राहायला आलेल्या, जिवाला जीव देणाऱ्या. "आप आराम से जाके आओ, मैं बैठती हूँ अम्मा के पास," म्हणायच्या. पण आरामात कसली जाते? वाण्याकडे उभी असले तरी कानात चमचा वाजायचा. एकदा तर मीठ मागायचं सोडून मी, "आले, आले," म्हणाले. वाणी बघतच राहिला.

घरात बसून बसून मी आपली फोन घेऊन काही ना काही टिपत राहायचे. उतू गेलेलं दूध. दोरीवर ओळीने वाळत घातलेल्या चादरी. समोरच्या इमारतीतली एक बाई रोज दुपारी गॅलरीत येऊन नुसती उभी राहायची, तिचे फोटो. खिडकीला बॉक्स ग्रिल, त्यामुळे बाहेरचा कुठलाही फोटो काढला तरी त्यात गज यायचेच. फोन ग्रिलबाहेर काढायची हिंमत नव्हती, हातातून पडला तर गेलाच. मेमरी भरली की यातलेच पुसायचे आणि पुन्हा तेच काढायचे. चादरी पुसल्या, चादरी काढल्या. कुणाला पाठवणार ते? मला हवं होतं कुणीतरी विचारायला, की तू कशी आहेस, तुझा फोटो पाठव. पण फोन ज्याच्या हातात, तो फोटोत कसा यायचा?

खरं सांगायचं तर मला त्या पलंगाचा संताप यायचा. वाटी-चमच्याचा यायचा. सासूबाईंचाही यायचा, आणि आलेला संताप गिळून त्यांचीच पाठ पुसायला लागायची, त्याचा आणखी यायचा. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला?

मार्च संपता संपता मुख्याध्यापक बाईंचा फोन आला. चांगल्या होत्या त्या, पण त्यांच्या डोक्यावर संस्था. म्हणाल्या, "हे बघा, मी आतापर्यंत सांभाळून घेतलं. जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी तुम्ही वर्गावर हव्यात. नसाल तर मला दुसरी बाई घ्यावी लागेल. तुम्हाला काय ते आत्ताच ठरवावं लागेल."

मी म्हटलं, "येते."

म्हटलं खरं, पण येणार कशी? उपाय एकच होता. दिवसभरासाठी एक बाई ठेवायची. भाभींच्या ओळखीची एक होतीही, रुग्णांचं करायची सवय असलेली. पण सासूबाई परक्या बाईचा हात अंगाला लावून घ्यायला तयार नव्हत्या. नवऱ्याने एकदा विषय काढला तर दिवसभर जेवल्या नाहीत. "मला वृद्धाश्रमातच टाका," म्हणाल्या. थोरल्याचं त्या ऐकत नसत. ऐकायच्या फक्त धाकट्याचं. त्याने मस्कतहून सांगितलं, की आई, रात्री दूध पी, तर नाक मुरडत का होईना, प्यायच्या. तेव्हा त्याने एकदा म्हटलं की आई, बाई ठेवूया, की माझी शाळा वाचली. एवढंच हवं होतं मला. एक वाक्य.

मी किचनमध्ये जाऊन, नळ सोडून, दिरांना फोन लावला. नळ अशासाठी, की हॉलमध्ये ऐकू जाऊ नये. म्हटलं, "भाऊजी, आईंना दिवसभरासाठी बाई ठेवायला हवी. त्या तुमचंच ऐकतात. तुम्ही सांगा."

"बाई?" ते हसले. "वहिनी, मी रोज बघतोय ना आईला. काय फ्रेश दिसतेय! ऑफिसमध्ये सगळ्यांना दाखवतो मी, बघा, हिपचं ऑपरेशन झालंय आणि बाईसाहेब भाजी निवडतायत. तिला काम करायची सवय आहे, तिला आजाऱ्यासारखं नका ठेवू."

"भाऊजी, त्या फोटोपुरत्या बसतात हो."

"फोटोपुरत्या म्हणजे? बसतात ना पण? अशीच हळूहळू उभी पण राहील. आणि तुम्ही आहात ना, मला काही टेन्शनच नाही."

मी फोन ठेवला. नळ बंद केला. बादली भरून पाणी मोरीत वाहून गेलं होतं, आणि आमच्याकडे पाणी एक दिवसाआड. माझ्या कामाला माझाच फोटो आडवा आला होता. दुरून डोंगर साजरे म्हणतात, इथे तर तो डोंगर मीच उशा लावून, पदर सारखा करून साजरा केला होता.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, त्याला उगीच कशाला टेन्शन देतेस? बघू काहीतरी." आमच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि 'बघू' म्हणजे काय, हे मला चांगलंच माहीत होतं.

म्हणून मग एका दुपारी मी ठरवलं, की खरा फोटो पाठवायचा. सासूबाई झोपल्या होत्या. तोंड उघडं, दात वाटीत, केस सुटलेले, गाऊन गुडघ्यापर्यंत वर आलेला आणि त्याखाली काडीसारखे झालेले पाय. झोपलेल्या माणसाचा फोटो काढू नये, असं आमच्याकडे म्हणतात. तसा फोटो फक्त गेलेल्या माणसाचा काढतात. मी तरी काढला. बेडपॅनसकट, वॉकरसकट, औषधांसकट काढला. कॅमेऱ्याचा तो खोटा 'खचाक' आवाज झाला आणि सासूबाईंनी डोळे उघडले.

"साडी न नेसवताच काढलास?" त्यांनी विचारलं. त्यांना वाटलं रोजचाच फोटो. "बघू, कसा आलाय?"

दाखवायला नको होता. पण माझ्या अंगात तेव्हा काय आलं होतं कोण जाणे. बघाच एकदा, असं वाटलं. मी फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"ही आमची आय गो," त्या म्हणाल्या. "शेवटाला अश्शीच दिसायची. मी बाळंतपणाला गेलेले तेव्हा तिला बघितलेली." आणि मग एकदम माझ्याकडे बघून, "त्याला पाठवलास?"

"नाही."

"पुसून टाक, बाय माझी. त्याला असलं काय दाखवू नको. त्याच्या डोळ्यांसमोरून जायचं नाही ते."

त्यांनी हात जोडले नव्हते, पण आवाज हात जोडल्यासारखाच होता. आतापर्यंत या बाईने मला हुकूमच दिले होते. फोनने विचारलं, खरंच पुसायचा का? मी हो दाबलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तशी माझी गत झाली.

संध्याकाळी दिरांना फोन करून मी फक्त इतकंच म्हटलं, "भाऊजी, फोटोंवर जाऊ नका. मेमध्ये चार दिवस काढा, या, आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा." माझा आवाज ऐकून ते घाबरले असावेत. म्हणाले, येतो.

मी निर्धास्त झाले. वाटलं, आता काय लपवणार? कॅमेऱ्यासमोर मिनिटभर बसता येतं, जित्याजागत्या मुलासमोर दिवसच्या दिवस कसं बसणार? मी मुख्याध्यापक बाईंना कळवलं, की मी नक्की येतेय. भाभींच्या ओळखीच्या बाईला सांगून ठेवलं. शाळेच्या साड्या कपाटातून काढून त्यांना ऊनही दाखवलं.

दीर यायच्या सकाळी सासूबाईंनी मला पहाटेच उठवलं. "नीट साडी नेसव," म्हणाल्या. "पायापर्यंत." नेसवली. "खुर्चीवर बसव." बसवलं. खालून टॅक्सीचं दार वाजलं, जिन्यात बॅगा आपटल्या, बेल वाजली. मी दार उघडायला वळले आणि मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सासूबाई उभ्या होत्या. वॉकर धरून उभ्या होत्या, आणि मी बघत असतानाच त्यांनी तो वॉकर एका हाताने बाजूला ढकलला आणि किचनच्या दाराची चौकट धरली. ऑपरेशननंतर ज्या चौकटीशी त्या पडल्या होत्या तीच. मी दाराची कडी काढली आणि धावत त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.

"आई!" दीर दारातूनच ओरडले. "अगं, तू तर उभी आहेस!"

"मग काय झोपून राहू?" सासूबाई म्हणाल्या. "ये, आधी पाय धू."

पुढून दिरांना हसणारी आई दिसत होती. मागून मला साडीच्या चुण्यांच्या आत लटलट कापणारे त्यांचे पाय दिसत होते.

आठवडाभर हे चाललं. सासूबाई खुर्चीवर बसून दिरांबरोबर जेवल्या. स्वतःच्या हाताने आंबा चोखून खाल्ला. एका सकाळी तर गॅसजवळ खुर्ची घेऊन धाकट्याला आवडतात म्हणून घावणे घातले. पिठाचा डाव तव्याकडे नेताना हात थरथरायचा, आणि मी खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून मागे उभी. दिरांच्या हातात आणखी नवा फोन होता. ते फोटो काढत सुटले होते. आई घावणे घालताना, आई आंबा खाताना, आई खिडकीपाशी. "वहिनी, जरा बाजूला व्हा, तुमचा हात येतोय," ते म्हणायचे. मी हात काढून घ्यायचे, आणि फोटो निघेपर्यंत माझाच जीव टांगणीला लागायचा.

दुपारी ते मित्रांना भेटायला स्टेशनकडे निघाले, की दार बंद झाल्या झाल्या सासूबाई विचारायच्या, "गेला का?" आणि तिथल्या तिथे कोसळायच्या. मी त्यांना पलंगावर टाकायचे. तोंडातून शब्द निघायचा नाही, कपाळावर घाम. ते परत यायची वेळ झाली की वाटी वाजायची, "उठव गो." रात्री उकाड्यामुळे दीर आणि नवरा गच्चीवर झोपायचे, तेवढीच सुटका.

एकदा बेल वाजली आणि त्या अजून पलंगावरच होत्या. मी दाराशी होते. दार उघडायचा अवकाश, सगळं आपोआप दिसलं असतं. मला काही बोलायचीही गरज नव्हती. मागे वळून बघितलं तर त्यांनी दोन्ही हात माझ्याकडे वर केले होते, कडेवर घ्या म्हणणाऱ्या पोरासारखे. मी "आले हं भाऊजी, हात ओले आहेत," असं ओरडले आणि त्यांना उचलून खुर्चीवर बसवलं. का बसवलं? दया आली म्हणू, की सवय म्हणू, मला अजून कळलेलं नाही. नंतर मोरीत जाऊन मी रडले मात्र.

जायच्या आदल्या दिवशी चहाच्या वेळी सगळे बसलेले असताना मीच तोंड उघडलं. "भाऊजी, माझी शाळा उघडतेय. आईंसाठी बाईचं मी तुम्हाला फोनवर म्हटलं होतं."

दिरांनी आईकडे बघितलं. "काय गं आई? ठेवूया का बाई?"

"कशाला?" सासूबाई बशीत चहा ओतत म्हणाल्या. "मी काय आजारी आहे?"

दिरांनी माझ्याकडे बघून हात पसरले. नवऱ्याने पेपर वर घेतला. "वहिनी," दीर हसून, अगदी प्रेमाने म्हणाले, "तुम्ही तर मला घाबरवलंच होतं. आईला काही झालेलं नाही. तुम्हीच थोड्या थकलेल्या दिसताय. शाळेची दगदग नकोच आता, घरी मस्त आराम करा."

मी कपबशा उचलून किचनमध्ये गेले. माझं कुणी ऐकलंच नाही, असं नव्हतं. सगळ्यांनी ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी दीर निघाले. नवरा त्यांना सोडायला बरोबर गेला. सासूबाई खिडकीशी, ग्रिल धरून उभ्या. खालून दिरांनी रिक्षात बसता बसता हात केला, फोन वर धरून त्यांचा शेवटचा एक फोटो काढला. सासूबाईंनी हात हलवला. रिक्षा कोपऱ्यावरून वळली तरी त्या हात हलवतच होत्या. मग हात खाली आला, आणि त्याबरोबर सगळ्याच खाली आल्या. मी मागे होतेच. कसंबसं ओढत पलंगावर आणलं. साडी ओली झाली होती.

त्यांना पुसून, गाऊन घालून झाल्यावर माझा बांध फुटला. इतक्या वर्षांत त्यांच्यासमोर मी कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "त्यांच्यासमोर उठता येतं, मग माझ्यासमोर का नाही उठत? त्यांच्यासमोर घावणे घालता येतात, माझ्यासमोर पाण्याचा पेला धरता येत नाही? मी काय वैरीण आहे तुमची? माझी नोकरी गेली, आई. तुमच्या एका होकाराने राहिली असती ती."

त्या छताकडे बघत होत्या. मला वाटलं, ऐकलंच नाही. भिंतीपलीकडे भाभींचा टीव्ही चालू होता.

"तो पाहुणा आहे गो," त्या म्हणाल्या. "दोन वर्सांनी आठ दिवस येणारा. पाहुण्यासमोर कुणी निजून राहतं काय?"

मी खाली पडलेली ओली साडी गोळा करायला लागले.

"तू घरातली," त्या म्हणाल्या. "तुझ्यासमोर निजता येतं."

लग्न होऊन या घरात आल्यापासून मी परक्याची पोर होते. माझी आमटी परक्या घरची, माझी शाळा परक्या घरचं खूळ, मूल नाही म्हणून तर मी जास्तच परकी. घरातली असं मला कुणी म्हणालं ते त्या दुपारी पहिल्यांदा. आणि कधी, तर शाळेचं दार कायमचं लागल्यावर. मला भयंकर राग आला होता, आणि त्याच वेळी त्या शब्दासाठी मी किती वर्षं थांबले होते तेही कळत होतं.

मी तिथेच, पलंगाच्या कडेवर बसून, मुख्याध्यापक बाईंना फोन लावला आणि सांगितलं, की माझ्या जागी दुसरी बाई घ्या. त्या "अहो पण" म्हणाल्या. मी "नाही जमणार" म्हटलं आणि फोन ठेवला. सासूबाई सगळं ऐकत होत्या. मग मी त्यांना कुशीवर वळवायला वाकले. आठवडाभर धाकट्यासमोर ज्यांनी कुणाच्या बोटाचाही आधार दिसू दिला नव्हता, त्यांनी अंगातला सगळा जोर काढून घेतला आणि आपलं पूर्ण वजन माझ्या हातांवर सोडून दिलं.